मक्याच्या अवशेषांपासून जैवइंधन: वाणाच्या जनुकांनी काय फरक पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मक्याची पैदास शंभर वर्षं दाण्याकडे बघून झाली. ताट आणि पानं त्या प्रवासात नुसती सोबत आली. त्यांच्या रसायनाकडे मुरघासवाले सोडले तर फारसं कुणी पाहिलं नाही. आता त्याच अवशेषांकडून इंधनाची अपेक्षा ठेवली जाते, तेव्हा त्यांच्यामागची जनुकं समजून घ्यायला हवीत. वाचकांकडून नेहमी येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

अवशेष म्हणजे नेमकं काय आणि त्यात इंधन कुठे असतं?

दाणे वेगळे काढल्यावर ताट, पानं, तुरा, कणसावरची सालं आणि कणसाचा आतला कडक भाग उरतो. ढोबळमानाने जेवढं कोरडं वजन दाण्याचं, जवळपास तेवढंच या सगळ्याचं भरतं. त्यात साधारण ३५ ते ४० टक्के सेल्युलोज, २० ते २५ टक्के हेमिसेल्युलोज (दुसऱ्या साखरांची साखळी) आणि १५ ते २० टक्के लिग्निन (ताटाला कडकपणा देणारा पदार्थ) असतं. बाकी राख, प्रथिनं आणि विरघळणारे पदार्थ.

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. ती तोडली की ग्लुकोज मिळतं आणि यीस्ट ते आंबवतं. एक किलो ग्लुकोजपासून रसायनशास्त्राच्या हिशेबाने जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल निघू शकतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०११ मध्ये मांडलेल्या कारखान्याच्या आराखड्यात एक टन कोरड्या अवशेषांमागे सुमारे ३३० लिटर इथेनॉल धरलं होतं.

दाण्यापासून इथेनॉल बनतंच, मग ताटापासून बनवणं एवढं अवघड का?

दाण्यातला स्टार्च हा झाडाने पुढच्या पिढीसाठी ठेवलेला शिधा आहे. तो सहज मोडावा, अशीच त्याची रचना असते. ताटातलं सेल्युलोज मात्र झाडाला उभं ठेवण्यासाठी, पाणी वाहून नेण्यासाठी आणि किडी-बुरशांना दूर ठेवण्यासाठी बनलेलं असतं. ते मोडू नये म्हणून वनस्पतींनी कोट्यवधी वर्षं घालवली आहेत. त्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं, त्यात भरलेलं लिग्निन, आणि या दोघांना बांधणारे रासायनिक दुवे. एन्झाइमला सेल्युलोजपर्यंत पोचायलाच जागा मिळत नाही.

म्हणून कारखान्यात आधी पूर्वप्रक्रिया करावी लागते: सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि उष्णता, किंवा दाबाखालची वाफ, किंवा अमोनिया. मग सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एन्झाइम, मग यीस्ट. एन्झाइम बहुतेक वेळा *ट्रायकोडर्मा रीसेई* या बुरशीपासून मिळवतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान कुजत होतं. त्या कुजण्याच्या तपासात ही बुरशी हाती लागली. सेल्युलोज खाणारा जीव शोधायचा तर जिथे ते कुजतं तिथेच तो सापडणार.

या सगळ्यात वाणाच्या जनुकांचा संबंध कुठे येतो?

जवळजवळ प्रत्येक पायरीवर. पेशीभित्तिकेत, म्हणजे सेल्युलोज-लिग्निनच्या या पेशीभोवतीच्या भिंतीत, किती लिग्निन साठेल, ते कोणत्या प्रकारचं असेल, हेमिसेल्युलोजवर ऍसिटिलचे छोटे रासायनिक गट किती असतील, ताटाला पानांचं प्रमाण किती, झाड किती उंच वाढेल, कधी फुलेल, वाळताना ताटात किती साखर उरेल, हे सगळं जनुकं आणि हवामान मिळून ठरवतात. एकाच शेतात, एकाच खतावर वाढलेल्या दोन वाणांच्या अवशेषांतून, तीच प्रक्रिया करूनही, वेगवेगळी साखर सुटते.

मक्याच्या बी७३ या वाणाचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बत्तीस हजारांहून जास्त जनुकं मोजली गेली आणि सुमारे ८५ टक्के भाग जागा बदलणाऱ्या डीएनए-तुकड्यांचा निघाला. पेशीभित्तिका घडवण्यात यातली शेकडो जनुकं गुंतलेली आहेत. त्यामुळे ‘इंधनाचं जनुक’ नावाचं एखादं बटण शोधणाऱ्यांची निराशा होते.

तरीही एकेका जनुकाचा मोठा परिणाम दिसतो म्हणतात. तो कोणता?

तपकिरी मध्यशीर. १९२४ साली मिनेसोटात मक्याची काही झाडं अशी दिसली की त्यांच्या पानांची मधली शीर हिरवट-पांढरी असायच्या ऐवजी तांबूस-तपकिरी होती. १९४७ पर्यंत असा रंग देणारी चार वेगळी जनुकं नोंदली गेली आणि त्यांना बीएम१ ते बीएम४ अशी नावं मिळाली. रंगामागचं कारण लिग्निनमधला बिघाड आहे, हे हळूहळू उलगडलं.

या चार जनुकांची कामं एकत्र पाहिली की चित्र फार सुंदर जुळतं. लिग्निनचे घटक बनताना त्यांच्यावर मिथाइलचा एक छोटा गट बसवावा लागतो. हे काम करणारं एन्झाइम म्हणजे सीओएमटी, आणि त्याचं जनुक बीएम३; ही ओळख १९९५ मध्ये पटली. पुढे २०१४ आणि २०१५ मध्ये बीएम२ आणि बीएम४ ही फोलेट या जीवनसत्त्वाच्या चयापचयातली जनुकं निघाली, म्हणजे बसवायचा तो मिथाइल गट पुरवणाऱ्या वाटेवरची. एक जनुक गट बसवतं, दोन त्याचा पुरवठा करतात; तिन्हींपैकी काहीही बिघडलं की पानाची शीर तपकिरीच होते. बीएम१ याच मार्गाच्या शेवटच्या टप्प्यावर, लिग्निनचे घटक तयार करणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमशी जोडलेलं आहे.

बीएम३ बिघडलेल्या मक्यात (त्यालाच बीएम३ वाण म्हणतात) लिग्निन साधारण २५ ते ४० टक्के कमी भरतं, आणि त्याच्या अवशेषांतून साखर जास्त आणि लवकर सुटते. मुरघासासाठी असे संकरित वाण १९९० च्या दशकापासून विकले जातात, कारण जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव आणि कारखान्यातली एन्झाइमं यांची अडचण एकच आहे.

मग सगळीकडे बीएम३ वाणच का लावत नाहीत?

कारण झाडाला लिग्निन लागतं. बीएम३ वाणांत उत्पादन घटतं, फुलोरा काहीसा लांबतो आणि ताटं लोळण्याचा धोका वाढतो. मुरघासासाठी पीक हिरवं असतानाच कापतात, त्यामुळे तिथे हे निभावतं. अवशेष मात्र दाणा पूर्ण पिकून वाळल्यावर गोळा होतात, म्हणजे ताटाला आणखी कित्येक आठवडे वारा-पाऊस झेलत उभं राहावं लागतं. लोळलेल्या पिकातला दाणाही जातो आणि ताट मातीला टेकल्यामुळे अवशेषही खराब होतात.

म्हणजे ताट मजबूत हवं तर लिग्निन जास्त, आणि इंधन हवं तर कमी. हा तिढा सुटणारच नाही?

सुटू शकतो, आणि मला या विषयात सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट हीच आहे.

पहिलं म्हणजे ताटाची ताकद केवळ लिग्निनवर ठरत नाही. ताटाचा व्यास आणि बाहेरच्या सालीची जाडी यांचा तिच्यात मोठा वाटा आहे. जाड ताट आणि भक्कम साल निवडत गेलं, तर रसायन थोडं सैल करूनही झाड उभं राहू शकतं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. लिग्निन कमी म्हणजे साखर जास्त, हे समीकरण बीएम३सारख्या एका उत्परिवर्तनापुरतं, म्हणजे जनुकातल्या एका बदलापुरतं, खरं असलं तरी साध्या वाणांमधल्या फरकांना ते नीट लागू पडत नाही. परड्यू विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये बी७३ आणि मो१७ या दोन वाणांच्या संततीचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिग्निनचं प्रमाण ठरवणाऱ्या गुणसूत्रांवरच्या जागा एकीकडे आणि एन्झाइमने सुटणारी साखर ठरवणाऱ्या जागा दुसरीकडे, असं त्यात दिसलं. दोन्ही गुण बऱ्याच अंशी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. पैदासकारासाठी ही मोठी मोकळीक आहे. लिग्निनला हात न लावता साखर सुटण्याचा गुण निवडता येतो.

लिग्निनचं प्रमाण महत्त्वाचं नसेल, तर साखर सुटणं कशावर ठरतं?

बऱ्याच अंशी जोडणीवर. मका गवताच्या कुळातला आहे आणि या कुळाच्या पेशीभित्तिकेत फेरुलिक आम्लाचे दुवे असतात. फेरुलेट एका बाजूने हेमिसेल्युलोजच्या साखळीला चिकटतं, दुसऱ्या बाजूने लिग्निनला किंवा दुसऱ्या फेरुलेटला. कापड किती जाड आहे यापेक्षा टाके किती जवळजवळ घातले आहेत यावर ते उसवणं अवलंबून असतं, तसाच हा प्रकार. फेरुलेट कमी असलेलं मक्याचं उत्परिवर्तन सापडलं आहे आणि त्याची पचनीयता सुधारलेली दिसली.

याच्या उलट बाजूने केलेला एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. मुद्दाम मोडता येतील असे दुवे लिग्निनच्याच आत घालायचे! २०१४ मध्ये पॉप्लर झाडात चिनी अँजेलिका या वनस्पतीचं एक जनुक घालून हे साधलं. लिग्निनचं प्रमाण तेवढंच राहिलं, पण सौम्य अल्कलीत ते सहज तुटू लागलं. पुढे लक्षात आलं की गवतांसह कित्येक वनस्पतींत असे दुवे थोड्या प्रमाणात निसर्गतःच असतात. म्हणजे मक्यातही ते वाढवण्याला वाव आहे.

शिवाय मिश्र दुव्यांचं ग्लुकन नावाचा एक पदार्थ गवतांत असतो. तोही ग्लुकोजचाच, पण सेल्युलोजपेक्षा कितीतरी सहज मोडणारा. मक्याचं कोवळं झाड तो साठवतं आणि नंतर स्वतःच्याच एन्झाइमने मोडून टाकतं. ते एन्झाइम निकामी झालेलं उत्परिवर्तन मिळालं आहे. त्यात हे ग्लुकन पक्व ताटातही जास्त उरतं.

हेमिसेल्युलोजचं काय? त्यातली साखर वाया जाते का?

पूर्वी जायची. त्यातली मुख्य साखर झायलोज, आणि साधं यीस्ट ती आंबवत नाही. परड्यू विद्यापीठातच नॅन्सी हो यांनी १९९३ मध्ये ग्लुकोज आणि झायलोज दोन्ही आंबवणारं यीस्ट तयार केलं, तेव्हापासून हे बदललं.

मक्याच्या बाजूने इथे ऍसिटिल गटांचा प्रश्न आहे. पूर्वप्रक्रियेत ते सुटून ऍसिटिक आम्ल बनतं, त्याबरोबर साखरेपासून फरफ्युरलही बनतं, आणि दोन्ही यीस्टला मारक ठरतात. ऍसिटिल कमी असलेला वाण म्हणजे कारखान्यात कमी त्रास. या गुणाकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही, असं माझं मत आहे.

एकरी इंधन वाढवायचं तर गुणवत्ता निवडावी की वजन?

आधी वजन. वेगवेगळ्या वाणांच्या अवशेषांची रासायनिक घडण बदलते, पण मर्यादित पट्ट्यात. वजनातला फरक त्यापेक्षा खूप मोठा असतो. त्यामुळे एकरी इथेनॉल पाहिलं तर कोरड्या अवशेषांचं प्रमाणच बहुतेक वेळा निर्णायक ठरतं.

कारखान्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तो टनाने माल घेतो, टनामागे एन्झाइम आणि उष्णता खर्च करतो. त्याला गुणवत्ता हवी. पिकवणाऱ्याला वजनाचे पैसे आणि कारखान्याला साखरेचा फायदा, अशी फारकत राहिली तर चांगली पेशीभित्तिका असलेला वाण कुणीच लावणार नाही. पैदासशास्त्राने हा प्रश्न सुटत नाही. उसाचं मोल त्यातल्या साखरेच्या उताऱ्याशी जोडलं गेलं, तसं काही इथे व्हायला हवं.

अवशेष वाढले तर दाणा कमी होईल का?

तसं झालंच पाहिजे असं नाही. दोन्ही गुण काही प्रमाणात वेगळे निवडता येतात, आणि भरपूर दाणा देणाऱ्या संकरित वाणांचं ताटही सहसा जोमदार असतं. मात्र दाण्याचा बळी देऊन ताट वाढवणारे वाण माझ्या मते बहुतेक ठिकाणी चुकीची दिशा आहेत.

उशिरा फुलणाऱ्या मक्याबद्दल ऐकलं आहे. तो काय प्रकार?

उष्ण कटिबंधातला मका लहान दिवसांना सरावलेला असतो. तो समशीतोष्ण प्रदेशातल्या लांब दिवसांत लावला की फुलायचं लांबवतो, उंच वाढत राहतो, दाणा कमी धरतो आणि दाण्याकडे न गेलेली साखर ताटात साठवतो. इलिनॉय विद्यापीठात या दृष्टीने अशा मक्यावर काम झालं. ही साखर थेट आंबवता येते, एन्झाइम लागत नाही. पण ती टिकत नाही; ताट कापून पडलं की सूक्ष्मजीव तिच्यावर तुटून पडतात. शिवाय दाणाच नसेल तर त्याला अवशेष म्हणता येणार नाही, ते इंधनाचं स्वतंत्र पीक झालं.

दिवसाच्या लांबीची ही जाण दहाव्या गुणसूत्रावरच्या झेडएमसीसीटी या जनुकाशी जोडलेली आहे. कधीकाळी त्याच्या शेजारी जागा बदलणारा एक डीएनए-तुकडा येऊन बसला, जनुकाचा आवाज खाली आला आणि मका उत्तरेकडच्या लांब दिवसांतही वेळेवर फुलू लागला. मक्याच्या जगभरच्या प्रसारामागे अशा बदलांचा हात आहे.

एन्झाइम स्वतःच बनवणारा मका आहे म्हणतात, ते खरं का?

दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होते. एनोजेन नावाचा जनुकीय सुधारित मका अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाला. त्याच्या दाण्यात उष्णता सहन करणारं अल्फा-अमायलेज बनतं, म्हणजे स्टार्च मोडणारं एन्झाइम. अवशेषांशी त्याचा संबंध नाही.

दुसरा प्रयत्न मिशिगन राज्य विद्यापीठात मरियम स्टिकलेन यांच्या गटाने केला. त्यांनी पानात आणि ताटात सेल्युलेज बनवणारा मका तयार केला. त्यातलं एक जनुक अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूचं आहे. हे एन्झाइम तापमान चढल्यावरच जोरात काम करतं, म्हणून वाढत्या झाडाला ते इजा करत नाही. अडचण पुढे येते: आम्ल आणि उष्णतेची पूर्वप्रक्रिया हेच एन्झाइम नष्ट करते. म्हणून ते आधी काढून घ्यावं लागतं, किंवा पूर्वप्रक्रियाच फार सौम्य ठेवावी लागते.

जनुक संपादनाने काय नवं शक्य झालं?

जनुक पूर्ण बंद करण्याऐवजी त्याचा जोर कमी-जास्त करणं. फ्लोरिडा विद्यापीठात उसावर झालेलं काम मक्यासाठीही बोलकं आहे. उसात सीओएमटी जनुकाच्या शंभराहून अधिक प्रती असतात. त्यांतल्या बहुसंख्य संपादनाने बिघडवल्यावर लिग्निन सुमारे २० टक्के घटलं, साखर सुटणं ४० टक्क्यांहून वाढलं, आणि निवडक रोपांच्या शेतातल्या वाढीवर वाईट परिणाम दिसला नाही.

मक्यात या कामाचं मुख्य जनुक एकच असल्याने ते बिघडलं की थेट बीएम३ची अवस्था येते. म्हणून इथे जनुकाला हात न लावता त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात बदल करणं, किंवा लिग्निनची जनुकं दाबून ठेवणाऱ्या झेडएममायब३१ आणि झेडएममायब४२ यांसारख्या नियंत्रकांचा वापर करणं, या वाटा जास्त शहाणपणाच्या वाटतात. बदल फक्त ताटाच्या आतल्या गाभ्यात झाला आणि सालीत झाला नाही, तर लोळण्याचा प्रश्नही आटोक्यात राहील.

हजारो झाडांची पेशीभित्तिका तपासतात तरी कशी?

जवळच्या अवरक्त प्रकाशाने. दळलेल्या नमुन्यावरून परतलेल्या प्रकाशावरून घटकांचा अंदाज मिनिटभरात मिळतो. आधी काही नमुन्यांचं पूर्ण रासायनिक विश्लेषण करून उपकरण त्यावर बसवून घ्यावं लागतं.

चांगल्या वाणाचा फायदा कारखान्यात खरंच दिसतो का?

पूर्वप्रक्रिया किती कडक आहे यावर ते ठरतं. तीव्र आम्ल आणि जास्त तापमान वापरलं तर चांगला आणि साधा वाण यांच्यातला फरक बराच पुसला जातो. सौम्य प्रक्रियेत तो उठून दिसतो. म्हणून चांगल्या वाणाचा खरा उपयोग सौम्य प्रक्रियेची मुभा मिळवण्यात आहे: कमी रसायन, कमी उष्णता, कमी एन्झाइम, यीस्टला कमी विषारी पदार्थ. जुनीच कडक प्रक्रिया चालवून नव्या वाणाकडून जास्त लिटर मागणं अन्यायाचं होईल.

एवढं विज्ञान हाताशी असून अमेरिकेतले कारखाने का बंद पडले? वाण कमी पडले का?

वाणांचा दोष त्यात फारसा नव्हता. आयोवातल्या एमेट्सबर्गमध्ये पोएट आणि डीएसएम या कंपन्यांचा अवशेषांपासून इथेनॉल बनवणारा कारखाना सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झाला, कॅन्ससमधल्या ह्यूगोटनला अबेंगोआचा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणि आयोवातच नेवाडा गावी ड्यूपॉन्टचा ऑक्टोबर २०१५ मध्ये, वर्षाला सुमारे ११ कोटी लिटर क्षमतेचा. अबेंगोआची मूळ कंपनीच आर्थिक संकटात सापडली. ड्यूपॉन्टने २०१७ मध्ये काम थांबवलं. एमेट्सबर्गचं व्यापारी उत्पादन २०१९ मध्ये थांबवण्याचं जाहीर झालं.

या उद्योगाच्या अडचणी बऱ्याचदा फार जमिनीवरच्या होत्या. गठ्ठ्यांबरोबर येणारी माती आणि खडे यंत्रं झिजवतात, ओला-सुका माल पूर्वप्रक्रियेच्या तोंडाशी अडकतो, साठवलेल्या गठ्ठ्यांना आग लागते, आणि हलका, फुगीर माल दुरून आणणं महाग पडतं. यातल्या काहींवर मात्र वाणाने थोडी मदत होऊ शकते. न लोळणारं ताट कमी माती घेऊन येतं. वेळेवर, एकसारखं वाळणारं पीक गठ्ठ्यात कमी कुजतं.

इथेनॉलऐवजी गॅस किंवा जाळण्यासाठी वापरलं, तर हेच वाण चालतील?

बायोगॅससाठी बऱ्याच अंशी हो, कारण हवेविना काम करणारे सूक्ष्मजीवही लिग्निनपाशी अडतात. ड्यूपॉन्टचा तो नेवाडातला कारखाना २०१८ मध्ये जर्मनीच्या व्हर्बिओ या कंपनीने घेतला आणि तिथे मक्याच्या अवशेषांपासून गॅस बनवायला सुरुवात केली.

जाळणं किंवा उष्णतेने तेल बनवणं यांचं गणित उलटं. लिग्निनमध्ये सेल्युलोजपेक्षा किलोमागे जास्त ऊर्जा असते, त्यामुळे तिथे लिग्निन कमी करण्यात काही मिळवणं नाही. तिथे राख, पोटॅशियम आणि सिलिका कमी असलेला वाण बरा.

शेतातून अवशेष उचलले तर जमिनीचं काय?

सगळे कधीच उचलू नयेत. धूप थांबवायला काही अवशेष लागतात. जमिनीतला सेंद्रिय कर्ब टिकवायला बहुतेक वेळा त्याहूनही जास्त लागतात, आणि खरी मर्यादा तीच मानावी. उतार, मशागत आणि उत्पादन यांनुसार ती शेतागणिक बदलते. ताटाबरोबर पोटॅशियमही मोठ्या प्रमाणात जातं, ते परत द्यावं लागतं. सहज मोडणारी पेशीभित्तिका जमिनीतही लवकर कुजण्याची शक्यता असते, म्हणून अशा वाणाच्या मुळांकडे लक्ष हवं. खोल आणि भरपूर मुळं धरणारा वाण जमिनीला कर्ब देत राहतो, आणि मुळं कुणी उचलून नेत नाही.

अवशेष विकायचे असतील तर वाण निवडताना काय विचारावं?

ताट किती दिवस उभं राहतं, हे पहिलं. मग पक्वतेच्या वेळी एकरी कोरडे अवशेष किती, दाणा वाळेपर्यंत ताटातला ओलावा कुठवर उतरतो, खोडकूज किती लागते. खोडकुजीला बळी पडणाऱ्या वाणाचं ताट आतून पोकळ होतं आणि त्यातली साखर बुरशीच खाऊन टाकते. पचनीयतेचा आकडा मिळाला तर तो कोणत्या अवस्थेतल्या नमुन्याचा आहे ते जरूर विचारा. मुरघासाच्या हिरव्या अवस्थेतला आकडा वाळलेल्या ताटाला लागू होत नाही.